तुटली की थांबली पाहिजे

कर्जतहून खोपोलीची लोकल सुटली की पहिले स्टेशन पळसदरी. पावसाळ्यात इथे उतरणारी माणसे बहुधा धबधब्याकडे किंवा स्वामी समर्थांच्या मठाकडे वळतात. मी मात्र फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहतो. खोपोलीचा फाटा इथून सपाटीने केळवली, डोलवलीकडे निघून जातो आणि मुख्य मार्ग डोंगराला भिडतो. पुण्याकडे निघालेली गाडी जड पावलांनी वर चढू लागते. पुढचे इंजिन ओढत असते आणि कर्जतला मागे जोडलेली दोन-तीन बँकर इंजिने तिला ढकलत असतात. चढ काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट इतका खडा आहे.

बहुतेकांचे डोळे इंजिनावर असतात. मला ओढ आहे ती दोन डब्यांच्या मधल्या सांध्याची. कर्जतच्या फलाटावरून वाकून पाहिले तर तो दिसतो. मधोमध जाडजूड लोखंडी कपलिंग आणि त्याच्या बाजूला दोन रबरी नळ्या, एक हिरव्या पाइपाची, एक पांढऱ्या. हिरवी ब्रेक पाइपची, पांढरी फीड पाइपची. प्रत्येक नळीच्या टोकाला हाताच्या तळव्याएवढा ओतीव लोखंडाचा तुकडा असतो. रेल्वेची माणसे त्याला ‘पाम’ म्हणतात, म्हणजे तळवाच. दोन डब्यांचे दोन पाम तिरके धरायचे, एकमेकांत अडकवायचे आणि खाली सोडायचे, की वजनानेच ते घट्ट बसतात आणि मधले रबरी वॉशर एकमेकांवर दाबले जातात. मग हवेची तोटी, म्हणजे अँगल कॉक, उघडायचा. फुस्स आवाज होतो, लोंबणारी नळी ताठ होते आणि डबा गाडीचा झाला. हे हस्तांदोलन उलगडायला मात्र माणूस लागत नाही. चालत्या गाडीत कपलिंग तुटले तर दोन्ही तळवे ताणाने आपोआप सुटतात, नळीतली हवा निघून जाते आणि गाडीचे दोन्ही तुकडे ब्रेक लागून थांबतात.

तुटलेली गाडी थांबते, हे आपण आज गृहीत धरतो. पण ही गोष्ट जगाला फार उशिरा आणि फार महागात कळली. तिच्यामागे पेटंटे आहेत, कोर्टकज्जे आहेत, कंपन्यांची अनेक वर्षांची चुरस आहे. ती सगळी कहाणी जिथे पायाखाली जाणवते अशी जागा म्हणजे पळसदरी.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग सुरू होतो तो इथूनच. त्या काळच्या इंग्रजी दप्तरात हे नाव ‘पडसधरी’ अशा वळणाने लिहिलेले आढळते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत १५ मैल ६८ साखळ्या लांबीच्या वाटेत रूळ १,८३१ फूट वर चढतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने ही वाट आखली आणि २४ जानेवारी १८५६ रोजी काम सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात गाडी खोपोलीपर्यंत आली. दोन वर्षांनी वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, घोड्यावरून, पायी ओलांडायचा. बोगदे पंचवीस, मोठे पूल आठ. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते, त्यांतले कित्येक डोंगराला दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडत होते आणि पटकीच्या साथीत खाली दरीत दगड पडावेत तशी माणसे पडत होती. १८५९ मध्ये पहिल्या कंत्राटदाराच्या हातून काम गेले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने गेला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही, दोन अभियंत्यांना हाताशी धरून तिने ते पुरे केले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाट खुला केला. बर्कली तो दिवस पाहायला राहिला नव्हता. आदल्या ऑगस्टमध्ये तो इंग्लंडात वारला होता.

घाट चढणे हा इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न होता, आणि ताकद वाढवता येते. उतरणे हा वेगळाच प्रश्न होता. वजन जितके जास्त तितकी गाडी उतारावर जोराने ओढ घेते. त्या काळी डब्यांना एकच असा ब्रेक नव्हता. इंजिनाला एक, गार्डाच्या डब्याला एक आणि मधल्या काही डब्यांवर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळणारी माणसे. चालकाने शिटी दिली की प्रत्येकाने आपापले चाक आवळायचे. धुक्यात, पावसात, भिजलेल्या रुळांवर, शिटी ऐकू येईल या भरवशावर. खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होते. तिथे डोंगराच्या कडेवर रूळ संपत आणि गाडीला उलट्या दिशेने निघावे लागे. त्या टोकापाशी गाडी थांबलीच पाहिजे, यापलीकडे चालकाच्या मनात दुसरे काही नसणार.

ज्या १८५६ साली घाटात पहिला सुरुंग उडाला त्याच वर्षी हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा आला. मार्च महिन्यात कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग याने त्याखाली पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या सुधारित यंत्रासाठी. साहेबाला वारा घालणाऱ्या माणसाचे काम यंत्राने कसे करावे, हा इथला पहिला पेटंटयोग्य प्रश्न ठरला. उतारावरच्या डब्यावर उभ्या असलेल्या ब्रेकवाल्याचे काम यंत्राकडे कसे द्यावे, याचे उत्तर मात्र अमेरिकेतून यायचे होते.

ते दिले जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने, १३ एप्रिल १८६९ रोजी पेटंट घेऊन. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आल्प्समध्ये माँ सेनीचा बोगदा खोदताना दाबलेल्या हवेने छिद्रयंत्रे चालवतात, असे त्याने एका मासिकात वाचले होते. हजारो फूट लांब नळीतून हवा जर खडक फोडू शकते, तर ती शेवटच्या डब्याचा ब्रेकही लावू शकेल, हा त्याचा विचार. इंजिनावर पंप, तिथून सगळ्या डब्यांखालून जाणारी नळी, प्रत्येक डब्याखाली सिलिंडर. पिट्सबर्गजवळच्या चाचणीत रुळावर अचानक एक घोडागाडी आडवी आली आणि चाचणीची गाडी तिच्यापासून काही फुटांवर थांबली. नव्या ब्रेकची याहून चांगली जाहिरात कोण करू शकला असता!

पण या पहिल्या रचनेत एक मोठी उणीव होती. ब्रेक लावायला नळीत हवा सोडावी लागे. नळीच तुटली तर? तर हवा बाहेर जाणार आणि ब्रेक लागणारच नाही. म्हणजे नेमक्या अपघाताच्या क्षणी ब्रेक निकामी. वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये सगळा विचार उलटा फिरवला. आता नळी सदैव हवेने भरलेली ठेवायची. प्रत्येक डब्याखाली स्वतःची हवेची टाकी आणि तिच्यावर एक तिहेरी झडप. नळीतला दाब टिकून आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब उतरला, मग तो चालकाने उतरवलेला असो की नळी तुटल्याने, झडप फिरते आणि टाकीतली हवा ब्रेकवर येते. ब्रेक ‘लावणे’ ही कृती उरलीच नाही. ब्रेक लागलेलाच असतो, सगळे काही सुरळीत आहे तोवर त्याला अडवून धरलेले असते. दोष हाच इशारा आणि तोच लगाम. गेल्या दोनशे वर्षांत यंत्रशास्त्राने माणसाला जे काही शहाणपण शिकवले, त्यात या एका उलटापालटीचे मोल मला फार मोठे वाटते.

एवढे स्पष्ट असताना सगळ्या जगाने तो ब्रेक लगेच उचलला का? नाही. कारण तो एका माणसाच्या पेटंटात होता आणि पर्यायही उभे राहिले होते. पिट्सबर्गच्याच जॉन स्मिथ याने हवा दाबण्याऐवजी ती काढून घेण्याची युक्ती केली होती. वाफेच्या फवाऱ्याने नळीतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे बाहेरचे वातावरणच दट्ट्या दाबते. हा व्हॅक्यूम ब्रेक. जून १८७५ मध्ये इंग्लंडात न्यूअर्कजवळ सरकारी आयोगापुढे चाचण्या झाल्या. हवेचे, व्हॅक्यूमचे, पाण्याच्या दाबाचे, साखळीचे ब्रेक घेऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच मार्गावर पळवून थांबवल्या गेल्या. वेस्टिंगहाऊसचा स्वयंचलित ब्रेक सरस ठरला. तरीही इंग्रज रेल्वे कंपन्यांनी आपापली निवड वेगवेगळी केली. कोणी हवेचा घेतला, कोणी व्हॅक्यूमचा, काहींनी साखळीचा धरून ठेवला. व्हॅक्यूमची रचना साधी होती, खर्च कमी होता, आपल्याच वर्कशॉपात तिची दुरुस्ती होई. मँचेस्टरच्या जेम्स ग्रेशॅम याने वाफेचा तो फवारा, म्हणजे इजेक्टर, सुधारला. व्हॅक्यूमलाही ‘तुटली की थांबली’ हा गुण देता येत होता: नळीत कायम निर्वात ठेवायचा आणि ब्रेकसाठी हवा आत घ्यायची. पण साधा, स्वयंचलित नसलेला व्हॅक्यूम ब्रेक त्याहून स्वस्त पडे, म्हणून कित्येकांनी तोच ठेवला.

त्या स्वस्ताईची किंमत १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाबाहेर चुकती झाली. रविवारच्या शाळेची सहल घेऊन निघालेली गच्च भरलेली गाडी चढावर अडली. इंजिन एवढा बोजा ओढेना. मग गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचे ठरले. मागच्या दहा डब्यांना आधार होता गार्डाच्या हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा. साध्या व्हॅक्यूमची नळी सोडताक्षणी त्या डब्यांवरचा ब्रेक संपला होता. पुढचा भाग हलताना जरासा मागे आला, त्याचा धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि मुलाबाळांनी भरलेले दहा डबे उतारावर उलटे धावत सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर ते आदळले. सुमारे ऐंशी माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला: उतारूंच्या प्रत्येक गाडीला सलग आणि स्वयंचलित ब्रेक हवाच. न्यूअर्कच्या चाचणीला तोवर चौदा वर्षे झाली होती.

आर्माच्या त्या चढाची तुलना पळसदरीच्या चढाशी करून पाहावी. तो पंचाहत्तर फुटांना एक फूट होता. आपला त्याच्या दुप्पट खडा.

अमेरिकेत याच सुमारास चुरस कोर्टात पोहोचली होती. वेस्टिंगहाऊसने आपल्या पेटंटांचे रक्षण करताना प्रतिस्पर्ध्यांवर एकामागून एक दावे लावले. दरम्यान १८८६ मध्ये आयोवात बर्लिंग्टन येथे पन्नास वाघिणींच्या मालगाडीवर चाचण्या झाल्या आणि त्याचाच ब्रेक अपुरा पडला. एवढ्या लांब नळीतून दाब उतरत शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचायला वेळ लागे. पुढच्या वाघिणी थांबलेल्या आणि मागच्या त्यांच्यावर धडकत येणाऱ्या. वेस्टिंगहाऊसने जलद झडप तयार केली. प्रत्येक वाघिणीवरची झडप नळीतली हवा तिथल्या तिथे काढून घेई, म्हणजे इशारा वाघिणीगणिक पुढे उडी घेत जाई. १८८७ मध्ये तिचे पेटंट मिळाले. बाल्टिमोरच्या जॉर्ज बॉइडनने तोच परिणाम वेगळ्या, सोप्या रचनेने साधला. वेस्टिंगहाऊस कंपनीने दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९८ मध्ये निकाल बॉइडनच्या बाजूने लागला. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा: एखादे कार्य घडते म्हणून त्या कार्यावर कोणाची मालकी होत नाही, मालकी असते ती कार्य घडवण्याच्या रीतीवर. रीत खरोखर निराळी असेल तर दावा टिकत नाही. पेटंटच्या वकिलांना हा निकाल आजही शिकावा लागतो.

त्याच काळात कपलिंगच्या बाबतीत एक वेगळाच, मला जास्त भावणारा मार्ग निघाला. अमेरिकेत वाघिणी कडी आणि खिट्टीने जोडत. दोन वाघिणींच्या मध्ये उभे राहून खिट्टी घालताना असंख्य कामगारांची बोटे जात, हात जात, कित्येकांचे जीवही जात. एलाय जेनी नावाच्या व्हर्जिनियाच्या माणसाने १८७३ मध्ये वाकवलेल्या बोटांच्या मुठीसारखे कपलिंग पेटंट केले. दोन मुठी एकमेकींवर आदळल्या की आपोआप गुंततात. आणखी हजारो कपलिंगांची पेटंटे निघाली, पण एकाचे दुसऱ्याशी जुळेना. अखेर डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने जेनीचा आकार मानक म्हणून स्वीकारला, तो एका अटीवर. मुठीच्या बाहेरच्या आकारावरचा हक्क त्याने सोडून द्यायचा. जेनीच्या बाजूने तो सोडला गेला. मग प्रत्येक कारखान्याने बाह्याकार तोच ठेवून आतला कुलूपखटका आपापल्या पेटंटाने बनवला. चुरस कमी झाली नाही, उलट वाढली. पण ती आत गेली. बाहेर कोणाचीही मूठ कोणाच्याही मुठीत बसू लागली. १८९३ मध्ये अमेरिकेने स्वयंचलित कपलिंग आणि सलग ब्रेक कायद्याने सक्तीचे केले.

आपल्याकडे ब्रिटिश कारखान्यांतून डबे आले, त्यांच्याबरोबर व्हॅक्यूम ब्रेक आणि स्क्रू कपलिंग आले. घाटासाठी व्हॅक्यूमचा एक खरा गुणही होता. लांब उतारावर चालकाला ब्रेक थोडा आवळावा, थोडा सैल करावा असे सतत करावे लागते. त्या काळचा हवेचा ब्रेक सोडला की पुरताच सुटे आणि वरचेवर लावला की टाकीतली हवा भरून यायला अवधी मिळत नसे. व्हॅक्यूम हळूहळू सैल करता येई. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चालकांच्या डोळ्यांपुढे काट्यावरचा ‘५३’ हा आकडा राहिला, म्हणजे पाऱ्याच्या ५३ सेंटिमीटरइतका निर्वात. शेवटच्या डब्याची जाड नळी डमीवर, म्हणजे तिचे तोंड बंद करणाऱ्या बुचावर, बसवलेली आहे की नाही, हे गार्ड स्वतः पाही, कारण ती निसटली तर गाडी हलायचीच नाही.

१९२९ मध्ये कल्याण ते पुणे विजेची गाडी धावू लागली. त्याच सुमारास रिव्हर्सिंग स्टेशनही नव्या मार्गाने टळले. ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिने घाट उतरताना आपल्या मोटरींनीच वेग रोखून धरत आणि त्यातून तयार झालेली वीज वरच्या तारेत परत देत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. ब्रेकच्या इतिहासात बोरघाटाचेही हे एक पान आहे.

व्हॅक्यूमला मात्र एक मर्यादा होती, आणि ती निसर्गाची होती. निर्वात कितीही केला तरी वातावरणाच्या दाबापलीकडे जोर मिळत नाही. गाड्या लांब आणि जड झाल्या तसा तो कमी पडू लागला. तोवर हवेच्या ब्रेकलाही टप्प्याटप्प्याने सुटणे जमले होते आणि फीड पाइपची दुसरी नळी टाक्या भरत्या ठेवत होती. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वे हवेच्या ब्रेककडे वळली. बदलाच्या त्या वर्षांत व्हॅक्यूमची नळी आणि हवेचा पाम एकमेकांशी जुळत नसत. एकाच रुळावर दोन जातीचे डबे. म्हणून दोन्ही प्रकारचे ब्रेक असलेली इंजिने ठेवावी लागली. सांधा जुळला नाही तर उत्तम यंत्रही एकटे पडते, हे कर्जतच्या यार्डात कोणालाही दिसत होते. आज डेक्कन क्वीनचे डबेही नव्या धाटणीचे आहेत आणि त्यांच्या टोकाला जी मूठ आहे, ती जेनीच्याच वंशातली.

ही कहाणी जुन्या लोखंडाचीच आहे असे कोणी समजू नये. घरातल्या टीव्हीच्या मागे केबलचा जो छोटा कनेक्टर फिरवून बसवतो, त्याची गत तीच आहे. बाहेरचा आटा सगळ्यांचा सारखा. म्हणूनच कोणाचीही केबल कोणाच्याही टीव्हीला लागते. आतली रचना मात्र पेटंटांनी गजबजलेली. नट पुरता आवळलेला नसला तरी अर्थिंगचा संपर्क तुटू नये, अशा कनेक्टरवरून अमेरिकेत पीपीसी आणि कॉर्निंग या दोन कंपन्यांत कज्जा झाला. २०१५ मध्ये ज्यूरीने पीपीसीच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने दंड वाढवून रक्कम सुमारे सहा कोटी डॉलरवर नेली. भांडण कशावरून, तर सांधा सैल झाला तरी काम बिघडू नये यावरून. वेस्टिंगहाऊसला हा प्रश्न लगेच ओळखू आला असता.

संशोधकाला त्याच्या डोक्याचे मोल मिळालेच पाहिजे. ते मिळाले नसते तर बावीस वर्षांच्या पोराने पंप आणि झडपा करीत बसायचे कशाला? पण जिथे एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी हात मिळवते, ती जागा सगळ्यांची असली पाहिजे. तिथे कुंपण घातले की आर्माच्या चढावरचे दगड फुटतात. कुलूप ज्याचे त्याने करावे, तळवा सर्वांचा एक असावा. जेनीच्या अटीचा अर्थ मी हाच घेतो.

घाट उतरणारी गाडी आजही मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग अशा केबिनींच्या टापूतून बेताने खाली येते. तिथले रुळांचे सांधे एरवी कॅच सायडिंगकडे, म्हणजे वाळूच्या चढाकडेच वळवलेले असतात. गाडी आधी पूर्ण थांबून दाखवते, मग तिला पुढची वाट मिळते. म्हणजे रुळांनाही तीच शिकवण दिलेली आहे: आधी थांबता येते हे सिद्ध कर, मग चाल. खिडकीतला प्रवासी कंटाळून म्हणतो, इथे कशाला थांबली? तेवढ्यात खालून फुस्स आवाज येतो, नळ्या पुन्हा ताठ होतात, आणि गाडी पळसदरीच्या सपाटीकडे उतरू लागते.